जुनी रेसिंग सायकल त्याच काळातल्या पार्ट्सनी परत उभी करायचीय? लोक हमखास विचारतात ते प्रश्न

सिग्नलला थांबलो की शेजारचा स्कूटरवाला हमखास विचारतो, "किती गियर?" दहा म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. मग हे गियर हँडलवर का नाहीत, खाली नळीला हे कान कसले लावलेत, पायडलला हे पिंजरे कशाला, सगळं सिग्नल सुटेपर्यंत सांगावं लागतं. माझी सायकल १९७८ ची रॅली प्रोफेशनल, इंग्लंडमधली. आमचे दाजी डर्बीला असतात, त्यांच्या शेजारच्या आजोबांनी गॅरेज रिकामं करताना नुसती फ्रेम, चिमटा आणि एका खोक्यात काही सुटे पार्ट दिले. ते दोन खेपांमध्ये पुण्यात आलं आणि पुढची तीन वर्षं मी ती जोडत बसलो. त्या तीन वर्षांत ज्या चुका केल्या त्यांच्यावरच खालची बरीचशी उत्तरं उभी आहेत.

"पीरियड करेक्ट" म्हणजे नक्की काय हो?

सोपं आहे. सायकल ज्या वर्षाची, त्या वर्षी ती चालवणाऱ्या माणसाला दुकानात जे पार्ट मिळू शकले असते ते लावायचे. इथे दोन पंथ आहेत बरं का. एक कॅटलॉगवाले, म्हणजे कंपनीच्या त्या वर्षाच्या कॅटलॉगमध्ये जे लिहिलंय ते आणि तेच, अगदी व्हॉल्व्हच्या टोपणापर्यंत. दुसरे काळवाले, म्हणजे कॅटलॉगमध्ये नसेना का, त्या काळात असता तर चालेल. मी दुसऱ्या पंथाचा. कारण साधं आहे, त्या काळात रेस मारणारी पोरं सायकल दुकानातून आणल्यावर महिन्याभरात सीट बदलायची, फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा गठ्ठा, तर झिजायचंच, ते गेलं की जे परवडेल ते लावायची. इंग्लंडमधल्या क्लबवाल्यांनी सत्तरच्या दशकात इटालियन हब आणि जपानी सनटूरचं फ्रीव्हील असा संसार सर्रास केलाय. त्यामुळे कॅटलॉगबरहुकूम सायकल ही खरं तर शोरूमच्या काचेमागची सायकल, रस्त्यावरची अशी फार थोडी असणार.

ज्यांना कागदावरचा नियमच हवाय त्यांनी लेरोइका या राइडचे नियम बघावेत. इटलीत टस्कनीमध्ये गायोले इन किआंती नावाच्या गावात ती १९९७ पासून होते, पहिल्या वर्षी ९२ लोक होते म्हणे. नियम ढोबळमानाने असे, सायकल १९८७ च्या आधीची, गियरचे लिव्हर खालच्या नळीवर, पायडलला टो क्लिप, म्हणजे ते पिंजरे, आणि पट्टा, ब्रेकच्या वायरी हँडलवरून बाहेरून आलेल्या. आपल्याला तिथे जायचं नसलं तरी ही चौकट कामाला येते, कारण १९८४ ला शिमानोचे खटक्याचे गियर आले आणि १९९० ला ब्रेक लिव्हरमध्येच गियर आले, तिथून पुढे रेसिंग सायकलचा तोंडवळाच बदलला.

माझ्या आजोबांची हर्क्युलिस आहे, तिची रेसिंग सायकल होईल का?

नाही. आणि करूही नका. ती रोडस्टर, म्हणजे रोजच्या वापराची जड सायकल आहे, तिचा कोन वेगळा, नळ्या जाड, तिला रोडस्टर म्हणूनच छान करा. पण नातं मात्र आहे हां. इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने मुरुगप्पा ग्रुपबरोबर १९४९ ला मद्रासला टीआय सायकल्स सुरू केली, तीच आपली हर्क्युलिस आणि बीएसए. त्याच ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सने १९६० ला रॅली विकत घेतली, आणि १९८० ची टूर द फ्रान्स योप झूटेमेल्कने ज्या टीमकडून जिंकली तिचं नावच टीआय-रॅली. म्हणजे आजोबांच्या काळ्या हर्क्युलिसवरचं टीआय आणि त्या लाल-काळ्या-पिवळ्या जर्सीवरचं टीआय एकाच घरातलं. मला हे कळलं तेव्हा उगाचच भारी वाटलं होतं.

सायकल कुठल्या वर्षाची ते कसं ओळखायचं?

विकणारा सांगतो त्यावर विश्वास ठेवू नका, तो बिचारा पण ऐकीव सांगत असतो. फ्रेमवर ठोकलेला नंबर बघा. सत्तरीतल्या रॅलीत पहिलं अक्षर कारखान्याचं असतं, डब्ल्यू म्हणजे वर्कसॉप, एन म्हणजे नॉटिंगहॅम, दुसरं अक्षर महिन्याचं आणि त्यानंतरचा आकडा वर्षाचा शेवटचा आकडा. आता आठ म्हणजे ७८ की ८८ असा प्रश्न पडेल, पण वर्कसॉपचा कारखाना १९८१ ला बंदच झाला, त्यामुळे माझा प्रश्न आपोआप सुटला. वर्कसॉप म्हणजे मुळात कार्लटन नावाची वेगळी छोटी कंपनी, रॅलीने ती घेतली आणि चांगल्या रेसिंग फ्रेम तिथेच बनवत राहिले.

पार्ट्सवर पण तारखा असतात. कॅम्पॅग्नोलो या इटालियन कंपनीच्या न्यूव्हो रेकॉर्ड मॉडेलच्या मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या पार्टवर, वरच्या भागात पेटंट आणि पुढे दोन आकडी वर्ष कोरलेलं असतं, हबच्या लॉकनटवर कॅम आणि वर्ष असतं, क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या, मागच्या बाजूला छोटी खूण आणि आकडा. माझ्या डिरेलरवर ७७ आहे आणि फ्रेम ७८ ची, ते एकदम बरोबर, कारण पार्ट आधी बनून कारखान्यात पडून असायचा. उलटं असेल, म्हणजे फ्रेम ७४ ची आणि डिरेलर ८२ चा, तर तो कुणीतरी नंतर लावलाय. वाईट काही नाही, फक्त ओरिजिनल म्हणून जास्त पैसे देऊ नका.

फ्रेम मिळाली. पहिला पार्ट कुठला घेऊ?

कुठलाच नाही! आधी व्हर्नियर कॅलिपर घ्या. खरंच सांगतो. मी उत्साहाच्या भरात आधी पार्ट घेतले आणि त्यातला एक बीबी (बॉटम ब्रॅकेट) सेट आजही कपाटात पडलाय, कारण तो इटालियन आट्यांचा निघाला.

त्या काळात प्रत्येक देशाची आपली मापं होती आणि इथेच सगळ्यात जास्त पैसा वाया जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पायडलचा ॲक्सल ज्या आडव्या नळीतून जातो ती बीबी शेल. इंग्लिश असेल तर रुंदी ६८ मिमी, आटे १.३७ इंचाचे, दर इंचाला २४, आणि चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची. इटालियन असेल तर ७० मिमी रुंद, ३६ मिमी व्यास, आटे दर इंचाला २४ आणि दोन्ही बाजू सरळ आटे. फ्रेंच ३५ मिमी, १ मिमी पिच, दोन्ही सरळ. स्विस म्हणजे फ्रेंचच पण चेनची बाजू उलटी. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे खुद्द रॅली, नॉटिंगहॅमच्या कारखान्यातल्या बऱ्याच सायकलींना त्यांनी आपले स्वतःचे २६ आट्यांचे शेल ठेवले, त्यात २४ ची वाटी एक-दोन फेरे छान जाते आणि मग अशी अडकते की विचारू नका. वर्कसॉपवाल्या फ्रेम मात्र २४ च्याच. म्हणून त्या पहिल्या अक्षराला एवढं महत्त्व.

सीट पिलर रेनॉल्ड्स ५३१ या स्टीलच्या नळ्यांच्या डबल बटेड (टोकांना जाड, मध्ये पातळ) इंग्लिश फ्रेमला बहुतेक २७.२ मिमी लागतो, फ्रेंच मापाच्या ५३१ ला २६.४. हँडलचा स्टेम आत जातो तो २२.२, फ्रेंच असेल तर २२.०. वाटतं की ०.२ ने काय होतंय, घासून बसवू, पण तसं बसवलेलं हँडल उतारावर फिरलं तर दात हातात येतील. हँडलबार जिथे स्टेममध्ये पकडला जातो तिथे चिनेल्ली कंपनीचा २६.४ आणि बाकीचे २५.४ पासून २६ पर्यंत काहीही. मागच्या चाकाची जागा, म्हणजे दोन ड्रॉपआउटमधलं अंतर, पाच गियरच्या काळात १२० मिमी, नंतर सहाच्या आणि सातच्या काळात १२६. फ्रीव्हीलचे आटे इंग्लिश, इटालियन, फ्रेंच तीन प्रकारचे. पायडलचे पण फ्रेंच वेगळे, १४ मिमी.

हे सगळं एका वहीत लिहा, फोनमध्ये फोटो काढून ठेवा, आणि मग शोधायला बसा.

उलट्या आट्यांची वाटी निघत नाहीये, काय करू?

हा माझा दुखरा विषय. पहिल्यांदा मी फ्रेम एका दुकानात दिली होती, चांगलं जुनं दुकान, आणि तिथल्या माणसाने नेहमीच्या सवयीने डावीकडे फिरवली, हलेना म्हणून छन्नी लावली आणि हातोडीने ठोकली. म्हणजे तो ती वाटी अजून घट्ट करत होता. छन्नीचे दोन घाव आजही वाटीच्या कडेवर आहेत. त्याची तरी काय चूक, त्याला मीच सांगायला हवं होतं.

घरच्या घरी होतं हे. एक जाड लांब बोल्ट घ्या, हार्डवेअरमध्ये मिळतो, वाटीच्या भोकातून घाला, दोन्ही बाजूला जाड वॉशर आणि नट लावून वाटीला आवळा. मग बाहेरून बोल्टचं डोकं उजवीकडे फिरवत राहा. बोल्ट आवळत जातो आणि वाटीचे आटे उलटे असल्याने त्याच दिशेला ती सुटत जाते. दोन दिवस आधीपासून भेदक तेल सोडत राहायचं. सुटते तेव्हा टण्ण असा आवाज येतो आणि आपण घाबरतो की शेल फुटलं.

सीट पिलर गंजून अडकलाय, हलतच नाही

गंजून नाही, ॲल्युमिनियमचा पिलर आणि स्टीलची फ्रेम एकत्र ओलाव्यात राहिले की ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते आणि ती फुगून पिलर जखडते. आधी सीट काढा, क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण काढा, फ्रेम उलटी टांगून बीबीच्या बाजूने तेल सोडा आणि आठवडाभर विसरून जा. लोखंडाच्या गंजाला तेल बरं, या पांढऱ्या पुडीला अमोनिया जास्त लागू पडतो, पण गच्चीवर वापरा, घरात नको, आमच्या घरात त्यावरून महाभारत झालंय. मग पिलरचं डोकं मोठ्या बाकाच्या व्हाइसमध्ये पकडून फ्रेमच आडवी फिरवायची, अख्खी फ्रेम म्हणजे हातभर लांबीचा पान्हा होतो. हळू. झटके नकोत.

फ्रेम तापवायला जाऊ नका, रंग जाईल, आणि शिवाय ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं त्यामुळे तापवून तो अजून आवळतो. थंड केला तर उलट सुटायची शक्यता. अगदीच नाही झालं तर पिलर वरून कापून आतून हॅकसॉच्या पात्याने उभा चर पाडायचा आणि तो आत मुडपून काढायचा. दोन संध्याकाळी जातात, बोटांना फोड येतात. कॉस्टिक सोडा टाकून विरघळवणारे पण आहेत, मी स्वतः ते करणार नाही, अंगावर उडाला तर मांस जाळतो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो.

नवीन रंग देऊ का?

माझं मत विचाराल तर नको. लोक पहिल्यांदा हेच करतात, फ्रेम आली की दुसऱ्या दिवशी पावडर कोटिंगला. आणि मग कारखान्यात लावलेला रंग, कडेने हाताने ओढलेल्या बारीक रेघा, ट्रान्सफर (नावाचे स्टिकर), सगळं गेलं की गेलं. पार्ट परत शोधून मिळतो, जुना रंग नाही मिळत. कोपऱ्यात गंज असेल तिथे तेवढाच साफ करून टचअप करा, बाकीला गाडीचं चांगलं वॅक्स. माझ्या वरच्या नळीवर पंपामुळे घासलेला एक लांबट पट्टा आहे. त्या आजोबांनी कुठे कुठे नेली असेल ती, तो पट्टा मी का पुसू?

रंग खरंच संपलेला असेल, कुणीतरी आधीच ब्रशने ऑइल पेंट फासलेला असेल, तर द्या. पण पावडर कोटिंग जाड बसतं, लग्जच्या, म्हणजे नळ्यांच्या सांध्यांवरच्या खोळींच्या, नाजूक कडा त्यात बुडतात, त्यापेक्षा गाडी रंगवणाऱ्या चांगल्या पेंटरकडून पातळ थरांमध्ये स्प्रे करून घ्या. आणि सँडब्लास्टिंगवाल्याला ही फ्रेम लोखंडी गेटसारखी फोडू नकोस असं चार वेळा सांगा. ५३१ ची नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ असते, मध्ये अर्धा-पाऊण मिलिमीटर फक्त. जाड वाळू आणि जास्त प्रेशर म्हणजे नळीचं वाटोळं. ट्रान्सफरचे नवे संच मिळतात, ते मात्र आपल्या वर्षाचेच बघून घ्या.

क्रोम आणि गंजाचं काय?

क्रोमवर ठिपक्या ठिपक्यांचा गंज असेल तर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा. एवढंच. लोकांना पटत नाही, पण होतं. स्टीलचे छोटे पार्ट, नट, बोल्ट, स्प्रिंगा यांना ऑक्झॅलिक ॲसिडच्या कोमट पाण्यात ठेवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच पुसून तेल लावा. हातमोजे घाला, ते विषारी आहे, पोरांच्या हाताला लागू देऊ नका. ॲल्युमिनियमचे पार्ट त्यात घालू नका, ते काळपट पडतात. आणि कृपा करून प्रत्येक पार्ट बफिंग मशीनवर आरशासारखा करू नका, कॅम्पॅग्नोलोचे पार्ट मुळात तसे नव्हतेच, त्यांची चमक जरा मऊ असते आणि बफिंगमध्ये कोरलेली अक्षरं आधी जातात.

इतके जुने पार्ट मोडणार नाहीत ना?

मोडू शकतात, आणि हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात. स्टीलची फ्रेम सहसा आधी इशारा देते, रंगाला भेग दिसते, कुरकुर येते. ॲल्युमिनियम एका दिवशी तुटतं. कॅम्पॅग्नोलोच्या त्या काळातल्या क्रँकमध्ये एक ठरलेली जागा आहे, उजव्या क्रँकचा दांडा आणि त्याच्या शेजारचे चेनरिंगचे पंजे जिथे मिळतात ती बेचकी. तिथे केसासारखी भेग पडते. रॉकेलने स्वच्छ करून, उन्हात, भिंगाने बघा. भेग दिसली तर कितीही सुंदर असू दे, भिंतीवर लावा, पायाखाली नको. हँडलबारची टेप काढून ब्रेक लिव्हरच्या क्लॅम्पखाली आणि स्टेमच्या तोंडाशी बघा, घामाने तिथे खड्डे पडतात. स्टेमवर किती आत ठेवायचा त्याची रेघ असते, ती दिसत असेल तर स्टेम जास्त वर आलाय.

माझा मूळ हँडलबार मी याच कारणाने बदलला, त्याच कंपनीचा, त्याच काळाचा, पण न वापरलेला मिळेपर्यंत सात महिने थांबलो. तोवर नवा साधा बार लावून फिरलो आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

टायर कुठला? ट्युब्युलरच हवा का?

त्या काळच्या खऱ्या रेसच्या चाकाला ट्युब्युलर, म्हणजे आतली ट्यूब टायरमध्येच शिवलेली आणि अख्खा टायर रिमला गोंदाने चिकटवलेला. चालवायला स्वर्ग. पण पुण्याच्या रस्त्यावर पंक्चर झालं की शिवण उसवा, ट्यूब काढा, पॅच लावा, परत शिवा, परत गोंद लावा. त्यामुळे माझ्याकडे चाकांचे दोन जोड आहेत. एक ट्युब्युलरचा, रविवार सकाळचा. दुसरा ३६ आऱ्यांच्या मॅविक मॉड्यूल ई रिमवर साधे ७०० सी टायर, ही रिम सत्तरीतलीच आहे त्यामुळे काळाचा हिशेब पण बसतो. हब दोन्हीकडे कॅम्पॅग्नोलो रेकॉर्डच.

आकाराचा एक घोळ आपल्याकडे हमखास होतो. दुकानात "२८ इंची द्या" म्हणालात तर रोडस्टरचा २८ गुणिले दीड येतो, त्याचा रिमवर बसायचा व्यास ६३५ मिमी. ७०० सी ला पण कागदोपत्री २८ इंचच म्हणतात, पण तो ६२२. आणि जुन्या इंग्लिश स्पोर्ट सायकलींचा २७ इंची म्हणजे ६३०. गंमत बघा, २७ हा ७०० सी वाल्या २८ पेक्षा मोठा. इंच विसरा आणि टायरच्या बाजूला छापलेला तीन आकडी मिमीचा नंबर बघा. २७ च्या फ्रेमला ७०० सी लावायचं असेल तर रिम ४ मिमी खाली जाते, तेवढे ब्रेकचे रबर खाली सरकतात का ते आधी बघा, बऱ्याचदा सरकतात.

चाकाचा आऊट मात्र आपल्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीकडून काढून घ्या. त्यांचा हात मशीनपेक्षा सरस असतो.

५२-४२ चे गियर घेऊन सिंहगड चढता येतो का?

येतो, पण गुडघे तुमचे. ५२-४२ म्हणजे पुढच्या दोन रिंगांचे दात. न्यूव्हो रेकॉर्ड क्रँकला आतल्या रिंगला ४१-४२ दातांच्या खाली जाता येत नाही, बोल्टचं वर्तुळच १४४ मिमीचं आहे, आणि मागचा डिरेलर कंपनीच्या हिशेबाने २६ दातांपर्यंत. म्हणजे सगळ्यात हलका गियर ४२-२६. त्या काळातले युरोपियन रेसर यावर आल्प्स चढले, पण ते तेवीस वर्षांचे होते आणि दिवसभर तेच करत होते. मी सत्तेचाळीसचा आणि दिवसभर खुर्चीत.

काळ न सोडता मार्ग आहेत. स्ट्राँगलाइट ९९ ही फ्रेंच क्रँक त्याच काळातली, तिची आतली रिंग २८ पर्यंत जाते. मागे सनटूरचा लांब पिंजऱ्याचा डिरेलर. सनटूरने तिरक्या समांतरभुज चौकोनाचा डिरेलर १९६४ ला काढला, आणि खरं सांगायचं तर तो गियर बदलण्यात इटालियनपेक्षा सरस होता, दिसायला साधा म्हणून लोक नाक मुरडतात. क्रँकचा पुलर, म्हणजे ती ओढून काढायचं हत्यार, मात्र वेगळा लागतो, स्ट्राँगलाइटचे आटे कॅम्पॅग्नोलोच्या पुलरला जुळत नाहीत, बळजबरी केली तर क्रँकचे आटे हातात येतात.

मी स्वतः काय केलं? ४२-२६ वरच आहे अजून आणि शेवटच्या वळणांवर उतरून ढकलतो. फोटो काढताना परत चढून बसतो.

गियरचे खटके लागत नाहीत, बिघडलंय का?

बिघडलेलं नाही, खटके नव्हतेच तेव्हा. लिव्हर घर्षणावर राहतो. आपणच कानाने ऐकून जरा पुढेमागे करायचा, चेनची खरखर थांबली की बसला गियर. आठवड्यात हात बसतो. घाटात दोन्ही पायांनी जोर देत असताना बदलू नका, आधीच बदला. लिव्हर आपोआप सरकत असेल तर त्याचा बाजूचा छोटा डी आकाराचा स्क्रू हाताने आवळा.

पार्ट मिळतात कुठे? जुन्या बाजारात?

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार मी वर्षभर फिरलो. रोडस्टरचे डायनॅमो, कॅरियर, पितळी घंट्या भरपूर, कॅम्पॅग्नोलो शून्य. एकदा ब्रूक्सची फाटकी सीट मिळाली, ती पण रोडस्टरची. सरळ आहे, जे इथे आलंच नाही ते भंगारात कसं येणार. रेसिंगचे पार्ट परदेशातल्या लिलावांच्या साइटवर आणि सायकलवाल्यांच्या जुन्या पार्टच्या बाजारांत मिळतात. टपालाचा खर्च आणि कस्टम ड्यूटी धरूनच बोली लावा, छोटा पार्ट मागवला की कधी कधी पार्टपेक्षा खोकं महाग पडतं. कुणी नातेवाईक येणार असेल तर उत्तम. आमच्या दाजींनी चकल्यांच्या बदल्यात ब्रेक आणलेत. पायडल सामानाच्या बॅगेत घाला, केबिन बॅगेत नको, तपासणीला अर्धा तास जातो.

आणि शोधण्याआधी खऱ्या जुन्या सायकली डोळ्यांनी बघून या. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल म्युझियम आहे. तिथे उभं राहिलं की कारखान्यातून आलेला पार्ट आणि कुणीतरी नंतर जुगाड करून लावलेला पार्ट यातला फरक डोळ्याला कळायला लागतो.

छर्रे, ग्रीस, चेन, ब्रेक रबर, हे पण जुनंच लावायचं का?

अजिबात नाही. झिजणारी वस्तू नवीन. इथे हट्ट करणारे लोक मला कळत नाहीत. छर्रे तर बेअरिंगच्या दुकानातले नवे, चांगल्या ग्रेडचे. बीबीत पाव इंची, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत दोन सुताचे, एका बाजूला ११. मागच्या हबला तेच, एका बाजूला ९. हँडलच्या वाट्यांना कॅम्पॅग्नोलो असेल तर ३/१६, पायडलला ५/३२. जुने-नवे छर्रे मिसळू नका, अर्ध्या केसाचा फरक असला तरी सगळा भार मोठ्यांवर येतो. चेन आठ गियरवाली नवी साधी चेन पाच आणि सहाच्या फ्रीव्हीलवर मस्त चालते, कुणाला दिसत पण नाही. ब्रेकच्या आतल्या वायरी नव्या, स्टेनलेस. ब्रेकचे रबर नवे, कारण पन्नास वर्षांचं रबर म्हणजे लाकूड, थांबणार नाही तुम्ही.

सीट आणि हँडलची टेप?

चामड्याची ब्रूक्स प्रोफेशनल किंवा चिनेल्लीची प्लास्टिकची युनिकॅनिटर, दोन्ही ७८ ला चालतात. चामड्याची घेतली तर पहिले काही महिने ती तुम्हाला घडवते, मग तुम्ही तिला. टेप सुती कापडाची, वर लाखेचे, म्हणजे फर्निचरवाले लावतात त्या शेलॅकचे, दोन-तीन हात. पांढरी टेप लाखेने मधासारखी होते, घाम पण कमी मुरतो. नाहीतर बेनोट्टोची चकचकीत प्लास्टिकची, दिसायला भारी, हाताला काहीच गादी नाही.

एकूण खर्च?

मी हिशेब ठेवणं दुसऱ्या वर्षी सोडलं. तोवर एका चांगल्या नवीन रोड बाइकचे पैसे झाले होते. बायकोला आकडा माहीत नाही, तेव्हा इथेही लिहीत नाही.

विकत घेणारा भेटला तर द्याल?

नाही.

पावसाळ्यात काय करता?

चालवत नाही, सरळ उत्तर. पण नुसती भिंतीला लावून ठेवली तरी आतून गंज धरतो, मुंबई-कोकणात तर खाऱ्या हवेने लवकर. नळ्यांच्या आत उकळलेलं जवसाचं तेल सोडायची जुनी पद्धत आहे, सगळी भोकं चिकटपट्टीने बंद करून फ्रेम चहूबाजूंनी फिरवायची, मग उलटी करून जास्तीचं निथळू द्यायचं, आठवडाभरात आत पातळ कातडी धरते. तेल पुसलेली फडकी मात्र बोळा करून ठेवू नका, पसरून वाळवा, जवसाच्या तेलाची फडकी आपोआप पेटतात. दर वर्षी मे संपता संपता मी सीट पिलर आणि स्टेम बाहेर काढतो, पुसतो, नवीन ग्रीस लावतो आणि परत बसवतो. पंधरा मिनिटांचं काम आहे. हॅकसॉच्या त्या दोन संध्याकाळी आठवल्या की ते पण आपोआप होतं.